रात्री दोन ते चारचा पहारा

माझ्याकडे समुपदेशनाला पहिल्या दिवशी आले तेव्हा खुर्चीत बसण्याआधीच त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि विचारलं, “मॅडम, साधारण किती बैठका लागतात?” मी म्हटलं, आधी काय होतंय ते तरी सांगा. “झोप येत नाही. बाकी सगळं चांगलं चाललंय.” थोडं थांबून म्हणाले, “चांगलं चाललंय, हीच तर तक्रार आहे.”

त्यांच्या परवानगीनं हे प्रकरण लिहिते आहे. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. कामगार त्यांना मालक म्हणतात, तेव्हा मीही इथं मालकच म्हणेन. गावात त्यांना दुसऱ्या नावानं हाक मारतात, ते पुढं येईल.

माणूस

वय 47. बेळगावच्या पश्चिमेला, चंदगडच्या वाटेवरच्या एका गावात जन्म. वडिलांची तीन एकर भातशेती. आयटीआयला टर्नरचं शिक्षण घेऊन बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, उद्यमबागेत, दुसऱ्याच्या लेथवर नऊ वर्षं काढली. मग भाड्याच्या शेडमध्ये स्वतःचं मशिन, मग दोन मशिनं, आणि पुढं ओतकामाची फौंड्री. पंपाचे आणि ट्रॅक्टरचे भाग ओततात. बंगला टिळकवाडीच्या बाजूला. घरी बायको, आई आणि पुण्याला इंजिनिअरिंग शिकणारा मुलगा.

बेळगावात असं चढत गेलेल्या माणसांची वाण नाही, आणि मला त्यांचा मनापासून आदर आहे. उद्यमबागेतल्या कित्येक फौंड्र्या अशाच एकेका लेथवरून उभ्या राहिल्या. आजूबाजूच्या गावांतून सायकलवर डबा बांधून येणाऱ्या पोरांनी त्या उभ्या केल्या. तेव्हा मालकांनी जे मिळवलं ते चुकीचं होतं, असं या लिखाणात कुठंही म्हणायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी दुसरं युनिट सुरू केलं. त्या दिवसाचं वर्णन त्यांच्याच शब्दांत: “भट्टीची पूजा झाली. नारळ फोडला. पहिली हीट (वितळलेल्या लोखंडाची खेप) काढली, लोखंडाचा रंग बरोबर होता. सगळे हात मिळवत होते. आणि माझ्या मनात आलं, आता परत पहिल्यापासून.” त्या रात्री दोन वाजता जाग आली. तेव्हापासून रोज दोनलाच येते. उठून गच्चीवर जायचं, मोबाईलवर ऑर्डरी बघायच्या, रेल्वेच्या तिसऱ्या गेटकडून जाणाऱ्या मालगाडीचा आवाज ऐकायचा. चार-साडेचारला डोळा लागायचा आणि सहाला पुन्हा उठायचं.

छातीत दाटायला लागलं म्हणून हृदयाची तपासणी झाली. काही निघालं नाही, थोडा रक्तदाब होता, त्याची गोळी सुरू झाली. माझ्याकडे आल्यावर मी नैराश्याची प्रश्नावली भरून घेतली, आणि जीव द्यावासा वाटतो का, हेही स्पष्ट विचारलं. तसं नव्हतं. पण नैराश्य होतं, सौम्यापेक्षा थोडं जास्त. म्हणून मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी औषध सुरू केलं, ते आठ महिने चाललं. हे मुद्दाम आधी सांगते आहे. पुढं देऊळ आणि वीणा येईल तेव्हा औषधाचा वाटा कुणी विसरू नये.

आधी काय काय करून झालं होतं

मालक हातावर हात धरून बसणारे नव्हेत. शांतता हवी म्हटल्यावर त्यांनी ती मिळवायला घेतली.

मोबाईलवर ध्यानाचं एक अ‍ॅप घेतलं. रोज किती मिनिटं बसलं आणि सलग किती दिवस बसलं, याचा आकडा त्यात दिसतो. त्यांचा 112 दिवसांवर गेला. एक दिवस दिल्लीच्या प्रवासात चुकला, तेव्हा त्यांना इतकं वाईट वाटलं की अ‍ॅपच काढून टाकलं. दहा दिवसांचं मौन-शिबिर पुरं केलं. शिबिरात बरं वाटलं, घरी आल्यावर आठवडाभर टिकलं. किल्ल्यातल्या रामकृष्ण मिशनच्या आश्रमात संध्याकाळी जाऊन बसायचे. तिथली शांतता त्यांना फार आवडायची, पण उठून बाहेर पडलं की किल्ल्याच्या खंदकापाशी येईतो मोबाईल हातात आलेला असायचा.

बायकोच्या माहेरी बाळेकुंद्रीच्या पंत महाराजांची भक्ती. सांब्र्याच्या पुढं, बागलकोट रस्त्यावर हे ठिकाण आहे. पंत महाराज (1855–1905) अवधूत संप्रदायातले, पण संसारी. बेळगावात शाळेत मुलांना शिकवायचे आणि घर सांभाळून भक्ती करायचे. मालक गुरुवारी बायकोला घेऊन जायचे. ती हात जोडून बसायची, हे बाजूला बसून मांडवाच्या पत्र्याचा हिशेब करायचे. एकदा परत येताना त्यांनी तिला विचारलं, “तू तिथं काय मागतेस?” ती म्हणाली, “काही नाही. गेलं की बरं वाटतं.” हे सांगताना त्यांचा आवाज जड झाला. “मला तिचा हेवा वाटला, मॅडम. वीस वर्षांत पहिल्यांदा.”

शेवटचा उपाय गावातल्या विठ्ठल मंदिराच्या सभामंडपाला पाच लाख रुपये. संगमरवरी पाटीवर नाव लागलं. उद्घाटनाला गेले, सत्कार घेतला, जेवून रात्री परत आले. दोनला जाग आली.

माझं मत इथं बनलं. मालकांनी हाव सोडलेली नव्हती, ती देवळात नेली होती. ध्यानाचे दिवस मोजायचे, शिबिर “पुरं” करायचं, मंडप बांधून द्यायचा. सगळीकडे ते एकतर गिऱ्हाईक होते किंवा मालक. त्यांना दोष देत नाही मी. पंचवीस वर्षं ज्या हातानं घाव घातला तोच हात माणूस सगळीकडे वापरतो, दुसरा त्याच्याकडे असतो कुठं?

एक प्रश्न

पाचव्या बैठकीत मी विचारलं: तुम्ही नाही गेलात तर कुणाचं अडेल, अशी एखादी जागा आहे का? पैशासाठी नव्हे, सहीसाठी नव्हे. तुम्ही स्वतः, अंगानं, नसाल तर अडेल अशी.

ते बराच वेळ गप्प होते. “फौंड्री मॅनेजर चालवतो. मुलगा मोठा झाला. कुठंच नाही.” आणि मग, जवळजवळ स्वतःशीच, “बाबांची होती.”

वडिलांची जागा म्हणजे माघातल्या सप्ताहात रात्री दोन ते चारचा वीणेचा पहारा.

ज्यांनी सप्ताह जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण या प्रकरणाचा सगळा जीव तिथं आहे. भाताची सुगी आटोपली की आमच्या भागात गावोगावी पारायणं सुरू होतात. पहाटे काकड आरती, सकाळी ज्ञानेश्वरीचं वाचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, नंतर जागर, आणि शेवटच्या दिवशी काला. हे सगळं लोकांना दिसतं. पण या सगळ्याच्या खालून एक धागा सात दिवस-रात्र अखंड चालू असतो, तो वीणेचा. पोथीची स्थापना होते तेव्हा वीणा एकाच्या गळ्यात पडते आणि काल्यापर्यंत ती खाली टेकवायची नसते. दोन-दोन तासांचे पहारे लागतात. कुणाचा पहारा किती वाजता, याची पाटी देवळाच्या खांबाला असते. वीणेकरी उभा, सोबतीला दोन-तीन टाळकरी. पहारा बदलताना देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. वय बघायचं नाही, जात बघायची नाही. रात्री दोनला कीर्तनाची गर्दी केव्हाच घरी गेलेली असते. ऐकायला कुणी नसतं. तरी वीणा वाजत राहिली पाहिजे.

लहानपणी मालक वडिलांबरोबर घोंगडं घेऊन जायचे आणि खांबाला टेकून झोपायचे. वडील गेल्यापासून एकाही सप्ताहात ते रात्री गावात राहिले नव्हते. वर्गणी न चुकता पोचायची.

फोन

त्या वर्षीच्या माघाला दीड महिना होता. त्यांनी भजनी मंडळाच्या वडीलधाऱ्या माणसाला माझ्यासमोरच फोन लावला. सवयीप्रमाणे महाप्रसादाचा खर्च आपल्याकडे घ्यायची गोष्ट काढली. फोन स्पीकरवर होता. पलीकडून आलेले शब्द मी तेव्हाच लिहून ठेवले:

“पैसे नकोत गा बारक्या. पैसे जमल्यात. माणूस कमी पडलंय. पोरं समदी पुण्याला, गोव्याला. रात्री दोनचा पहारा मोकळा हाय, तुझ्या बाचाच. येतोस काय?”

बारक्या. फौंड्रीत 90 माणसं ज्यांना मालक म्हणतात त्यांना. त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. त्यांचा अंगठा टेबलाच्या कडेवरून मागं-पुढं फिरत होता. मग म्हणाले, “येतो की मामा.”

मी चार अटी घातल्या. त्या वर्षी देवळाला एक रुपयाही द्यायचा नाही. फोटो काढायचा नाही. मोबाईल घरी ठेवायचा. सातही रात्री जायचं, एखादी हुकली तर तिचा हिशेब ठेवायचा नाही, दुसऱ्या रात्री सरळ जायचं. मनोविकारतज्ज्ञांनाही विचारून घेतलं. निद्रानाश असलेल्या माणसाला जागरणाला पाठवणं उलटं वाटेल. त्यांचं म्हणणं, तसेही ते जागेच असतात, सात रात्रींनी बिघडणार नाही, मात्र दुपारची झोप पक्की करा आणि रात्री गाडी स्वतः चालवू नका. म्हणून ते सात दिवस गावातल्या जुन्या घरी राहिले.

पहिली रात्र

त्यांनी सांगितलं तसं लिहिते.

थंडी होती. देवळात ट्यूबलाइट एकच. समईत तेल घालायला एक म्हातारा बसला होता. तो कन्नड बोलणारा, जवळच्या वाडीतला. यांना बघून “बर्री” (या) म्हणाला आणि बसायला पोतं सरकवलं. आमच्या सीमाभागात विठ्ठल दोघांचा आहे. पुरंदरदासांनी कन्नडात आपल्या पदांवर पुरंदर विठ्ठल अशी मुद्रा घातली, आणि गावच्या भजनात ती पदं मराठी अभंगांच्या मांडीला मांडी लावून बसतात. कचेरीत कुठली भाषा लिहायची यावरून जी तेढ होते ती मी आयुष्यभर बघत आले आहे. रात्री दोनच्या देवळात ती मला कधी दिसली नाही.

बारा ते दोनच्या पहाऱ्याला वीणा ज्याच्या गळ्यात होती, तो मालकांच्याच फौंड्रीतला मोल्डर होता. त्याच गावचा, वाळूच्या साच्यांवर अकरा वर्षं काम करणारा. मालकांना हे ठाऊकच नव्हतं. त्यानं यांना पाहिलं, क्षणभर बिचकला, पण नामात खंड पडू दिला नाही. जवळ येऊन वीणेचा पट्टा आपल्या गळ्यातून काढून यांच्या गळ्यात घातला. “या माउली,” म्हणाला आणि वाकून पाया पडला. आता यांनी वाकायचं होतं.

“एक सेकंद मी तसाच उभा राहिलो,” मालक म्हणाले. “हा माझ्याकडे हजेरीवर आहे. आणि त्याच्या पायाला वाळूत काम करणाऱ्यांच्या पडतात तशा भेगा. मग वाकलो. हात लावला तेव्हा पाय थंडगार होते, मॅडम. दोन तास फरशीवर उभा होता तो.”

पुढचे दोन तास काही घडलं नाही. घडायचं नसतंच. डाव्या खांद्यावर वीणा, तार छेडायला एक बोट, दुसऱ्या हातात चिपळ्या, तोंडी रामकृष्ण हरी. अर्ध्या तासानं बोट हुळहुळलं. तासाभरानं कंबर भरून आली. ऑर्डरी आठवल्या, मुलगा आठवला. मनात शांती वगैरे काही नव्हती, हे त्यांनी मला दोनदा बजावून सांगितलं. फक्त एक गोष्ट निराळी होती. दोन वाजता ते जागे होते, आणि त्या वेळी जागं असणं हेच त्यांचं काम होतं. चारला पुढचा माणूस आला, वीणा गेली, पाया पडणं झालं. घरी येऊन पडले ते साडेआठलाच उठले.

दुसऱ्या रात्री पोचायला पाच मिनिटं उशीर झाला. मोल्डर तसाच उभा होता. वीणा खाली ठेवता येत नाही, म्हणजे दुसरा येईपर्यंत त्याला हलता येत नाही. “माझी वाट बघत होता तो,” मालक म्हणाले. “पेमेंटसाठी माझी वाट सगळे बघतात. ही वाट निराळी होती.”

मला काय वाटतं

हे वाक्य आमच्या कामाचा गाभा आहे असं मी धरते. मालकांना एकांतातली शांती कमी पडत नव्हती, ती त्यांनी भरपूर मिळवून पाहिली होती. नव्हतं ते पाटीवरचं, सगळ्यांसारखं एका ओळीतलं नाव. संगमरवरावरच्या नावाची कुणी वाट बघत नाही. खांबाला लावलेल्या पाटीवरच्या नावाची दोन वाजता वाट बघतात, आणि चार वाजता ते नाव संपतं, दुसऱ्याचं सुरू होतं. तिथं वाढत जायला काही नाही. पहारा चांगला केला म्हणून पुढच्या वर्षी चार तासांचा मिळत नाही. चढत राहायची सवय लागलेल्या माणसाला जिथं चढताच येत नाही अशी जागा मिळाली, आणि ती बापाची होती.

औषधाचा परिणाम त्याच सुमारास दिसू लागला होता, मॅनेजरवर भार टाकायलाही ते शिकत होते. कशानं किती झालं हे एका माणसावरून सांगता येत नाही. सप्ताहानंतर झोप लगेच सुधारली असंही नाही, फाल्गुनात दोन आठवडे पुन्हा वाईट गेले.

मालक संतही झाले नाहीत. त्याच महिन्यात मोल्डिंगच्या लोकांनी पगारवाढ मागितली, ती त्यांनी नाकारली. मी विचारलं, ज्याच्या पाया पडलात त्यालाही? “ते वेगळं, मॅडम.” मी म्हटलं, असेल, पण पुढच्या वेळी वाकताना आठवेल. ते रागावले, एक बैठक आलेही नाहीत. पगारवाढ पुढं दिवाळीत झाली. त्याचं श्रेय मी कशालाच देत नाही, तेव्हा ऑर्डरीही वाढल्या होत्या. सप्ताहात गावच्या माणसांची पाळी बदलून द्यायची, हे मात्र त्यांनी आपणहून लावून दिलं.

माळ घालायची त्यांना घाई झाली. माळ म्हणजे एकादशी, पंढरीची वारी, मांस-मद्य बंद. मामांनी सांगितलं, “माळ कुठं पळून जात्याय काय? तीन वर्षं पहारा कर, मग बघू.” मला हा शहाणपणा फार मोठा वाटला. माळेचीही ऑर्डर लागली असती.

मालकीणबाई

इथवर लिहून मी थांबणार होते. मग त्यांच्या पत्नीनं एकटीनं भेटायची वेळ मागितली.

“देवळात सगळ्यांना माउली म्हणतात,” त्या म्हणाल्या, “सात दिवस गावात राहिले, आनंद आहे. पण मी काय करत होते ते तुम्हाला सांगितलं काय त्यांनी?”

सासूबाई 76 वर्षांच्या, गुडघे गेलेले. रात्रीतून दोनदा-तीनदा त्यांना बाथरूमला न्यावं लागतं. गेली दोन वर्षं हे काम यांचं. सासूबाईंची पहिली हाक साधारण दोनच्या पुढं-मागं. म्हणजे ज्या वेळी मालक वर गच्चीवर मालगाडी ऐकत होते, त्या वेळी खाली बायको त्यांच्या आईला धरून चालवत होती. एका घरात दोन जागी माणसं, मध्ये एक जिना. दोन वर्षांत कधी गाठ पडली नाही.

मी माझी टिपणं काढून बघितली. आई घरी आहे हे पहिल्या पानावर होतं. रात्री तिला कोण उठवतं हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता. ही चूक माझी. मालकांची जागा शोधण्याच्या नादात मी गावापर्यंत गेले आणि त्यांच्या घराच्या खालच्या मजल्यावर डोकावले नाही.

पुढच्या बैठकीला दोघांना एकत्र बोलावलं. त्या बोलल्या, ते ऐकत राहिले. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, “मला हाक का मारली नाहीस?” त्या म्हणाल्या, “तुम्हाला दिवसभर काम असतं.” मग बराच वेळ कुणी बोललं नाही. मीही नाही. जाताना मालकांनी टेबलावरचं घड्याळ उचललं, मनगटावर बांधलं आणि बायकोला म्हणाले, “दोन ते चार माझं.”

परवाच्या पाठपुराव्याची नोंद: औषध बंद होऊन पाच महिने. झोप तुकड्यातुकड्यात, मिळून सहा तासांच्या आसपास. तिसऱ्या युनिटची फाइल कपाटात आहे, टाकून दिलेली नाही. पत्नी गुरुवारी बहिणीबरोबर बाळेकुंद्रीला जाते, त्या दिवशी दुपारी आईजवळ मालक. रात्रीचा पहारा चालू आहे, आठवड्यातून एक-दोनदा हाक ऐकू येत नाही, मग पत्नी उठते. आईला सुरुवातीला मुलाचा हात धरून बाथरूमला जायचा संकोच वाटायचा, आता वाटत नाही. परत आणून पांघरूण घातलं की ती विचारते, “बारक्या, किती वाजलं रे?” ते सांगतात. मग ती म्हणते, “तुझ्या बाची वेळ,” आणि कूस वळवते.